दोन वाट्या दही

माझी लेक नववीत आहे. युरोपात आधुनिक विज्ञान कसं उभं राहिलं, हा धडा त्यांना इतिहासात होता. बाईंनी वर्गाला सांगितलं, त्या लोकांनी केलं तसं करा. घरातली कुणीच न तपासलेली एक समजूत घ्या आणि तपासा. मला भलताच जोर चढला. मी पाइपलाइनमधला दाब मोजणारा इंजिनिअर, मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. मी तिला तेव्हाच्या पंडितांची गंमत सांगितली. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दिसतात म्हटलं, तर काहीजण दुर्बिणीला डोळा लावायलाच तयार नव्हते! सांगताना मी पोट धरून हसलो.

"मग मी आजीचं दही घेते," लेक म्हणाली.

आई इकडे परदेशात, आमच्या शुगर लँडच्या घरी एकदाच आली, ती दह्यात बुडवून वाळवलेला रुमाल पर्समध्ये घालून. त्या रुमालाचं विरजण मी आजवर मोडू दिलेलं नाही. रोजच्या दह्यातला चमचाभर उद्यासाठी ठेवायचाच. आई गेली तेव्हा व्हिसाच्या घोळात मला जाता आलं नाही. तेव्हापासून घरी येईल त्याला मी ऐकवतो, ही चव मी डोळे मिटून ओळखेन.

लेकीने एकाच दुधाचं दही दोन वाट्यांत लावलं. एकीत आजीचं विरजण, दुसरीत दुकानातल्या डब्यातलं दही. शनिवारी सकाळी ओढणीने माझे डोळे बांधले. पहिला चमचा चाटूनपुसून मी लगेच आणखी एक मागितला. दुसरं दही नुसतंच आंबट होतं.

"पहिली वाटी. ही आईची."

ती हळूच म्हणाली, "बाबा, दॅट्स द स्टोअर वन."

"तुझीच अदलाबदल झाली असेल."

"खाली लेबल आहे, बघ ना. इट्स ओके, परत करू या. एका ट्रायलने काही प्रूव्ह होत नाही, तूच म्हणतोस."

म्हणतो खरा. दुसऱ्यांदा माझं बरोबरही आलं असतं. पण मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडतो. "मला नाही करायचं," असं ओरडून मी ओढणी फेकली. तिने वहीत इंग्रजीत लिहिलं, बाबांनी पुन्हा चाखायला नकार दिला. ते पंडित मला आठवले, पण या वेळी हसू आलं नाही.

संध्याकाळी दूध कोमट झालं. आईचं विरजण एका वाटीत आणि आईची चव दुसरीत. कुठला चमचा घालावा, मला काही केल्या कळेना. शेवटी दोन्हींतला एकेक घातला, ढवळलं, उरलेलं सांडून दिलं आणि वाट्या घासून टाकल्या.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, "बाबा, सेकंड ट्रायल कधी करायची?"