वळणावरचा कोहळा

लॉरी सुरू करण्याआधी देवाप्पा तिच्याभोवती एक फेरी मारायचा. वाकून टायर दाबायचा, चाकाच्या एकेका नटावर हातोडी वाजवून आवाज ऐकायचा, मग वर चढून ब्रेकवर तीनदा पाय दाबायचा. चामराजपेटेतल्या त्या गल्लीला हा रोजचा तमाशा होता.

"काय अण्णा, नाडी लागली का हिची?" समोरचा सायकल दुरुस्तीवाला कल्लाप्पा हटकून विचारायचा.

"हिची लागली. तुझ्या जिभेची काही लागत नाही."

देवाप्पा मूळचा निपाणीकडचा. वासुदेवरावांच्या गुळाच्या वखारीत लॉरीवर त्याला चौदा वर्षं झाली होती. यशवंतपूरच्या मालधक्क्यावरून ढेपा आणायच्या, वखारीत उतरवायच्या. चौदा वर्षांत त्याच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. पावसात तो गाडी इतकी हळू हाकायचा की घोडे हाकणारे जटकेवालेसुद्धा मागून शिव्या द्यायचे. त्यांना तो सांगायचा, "ब्रेक चाकाला थांबवतो रे. गाडीला थांबवतो तो रस्ता. रस्ताच निसरडा असला तर ब्रेकनं काय करावं?"

एवढी समज असलेल्या माणसाच्या हातून ते घडलं.

एकोणीसशे एकसष्ट सालची खंडेनवमी होती. गल्लीत शिवणयंत्रापासून छापखान्यापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडल्या होत्या. देवाप्पाने लॉरी धुतली, हळदीकुंकू वाहिलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मग कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरलं, तो गाडीवरून तीनदा ओवाळला आणि समोर रस्त्यावर आपटला. बाकीच्यांनी आपापले कोहळे आपापल्या दारात फोडले होते. लॉरी मात्र दारात मावत नसे. ती उताराच्या वळणावर उभी असायची, म्हणून देवाप्पाचा कोहळा फुटला तो बरोबर वळणावर.

दरवर्षी फोडून झाला की तो खराटा घेऊन सगळा गर गटारीत लोटायचा. यंदाही त्याने खराटा घेतला. तेवढ्यात वासुदेवरावांच्या आई, सावित्रीबाई, ओट्यावरून ओरडल्या, "अरे देवाप्पा! दृष्ट काढलेली वस्तू, तिला परत हात लावतोस? घरात बायको सातव्या महिन्यातली आणि तुला एवढंही कळू नये?"

देवाप्पा थबकला. बायकोची, चंपाची, आधीची दोन पोरं पोटातच गेली होती. गरावर पाय पडला तर माणूस घसरतो, हे त्याला ठाऊक होतं. पण दोन मेलेली पोरंही त्याला ठाऊक होती. त्याने खराटा भिंतीला टेकवला.

दुपारी बारीक पाऊस पडून गेला. दिवेलागणीच्या आधी एक सायकलवाला उतारावरून आला. मार्केटातून घेतलेली झेंडूची फुलं हँडलला टांगलेली. वळणावर त्याचं पुढचं चाक आडवं सरकलं आणि डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. पहिला धावला तो देवाप्पाच. त्याने त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं. चाकाला कोहळ्याच्या बिया चिकटल्या होत्या. माणूस काहीतरी पुटपुटत होता, म्हणून त्याने तोंडाजवळ कान नेला. त्याच्या तोंडाला कसलाही वास नव्हता.

पोलीस आला. त्याने कानडीत विचारलं, "कसा पडला?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाला, "सणाचा दिवस. प्याला असेल."

देवाप्पाने तोंड उघडलं. वासुदेवरावांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. ते हळूच मराठीत म्हणाले, "स्वल्प गप राहा. गल्लीत बारा कोहळे फुटलेत. कुणाचा, हे कोण सांगणार? लायसन घालवून बसशील."

पोलिसाने लिहून घेतलं. जखमीला जटक्यात घालून हॉस्पिटलात नेलं. देवाप्पा उघड्या तोंडाचा तसाच उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी तो माणूस वारला. देवाप्पाला ते कळलं नवव्या दिवशी, कल्लाप्पाकडून. वाकडी झालेली सायकल मयताच्या मेव्हण्याने त्याच्याकडे टाकली होती.

"संताजी नाव. राजाजीनगरला राहायचा, कारखान्यात फिटर," कल्लाप्पा म्हणाला. त्या दिवशी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "बाप माळकरी आहे म्हणे. पोरगं दारू पिऊन मेलं असं पोलिसांनी सांगितलं, तर बापानं खांदा दिला नाही. मसणात आलाच नाही म्हातारा."

देवाप्पा त्या दिवशी जेवला नाही. चंपाने विचारलं तर म्हणाला, "पोट बरं नाही." दुसऱ्या दिवशी त्याने मालकांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. कशाला, तेही सांगितलं.

"देवाप्पा, कायद्यात तुझा काही गुन्हा नाही."

"नाही, मालक."

"मग?"

"गर माझा होता. आणि तो प्यालेला नव्हता, हे मला एकट्याला माहीत होतं."

"सरी, जाऊन ये," वासुदेवराव म्हणाले. "पण वखारीचं नाव घेऊ नकोस."

राजाजीनगरात कामगारांच्या नव्या चाळी होत्या. दारात संताजीची बायको कृष्णाबाई तांदूळ निवडत होती. आत कोपऱ्यात तिचे सासरे आप्पाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

देवाप्पाने उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. कोहळा, खराटा, पाऊस, बिया, पोलीस. कृष्णाबाईचे हात सुपात थांबले.

"घरोघर सांगून थकले मी," ती म्हणाली. "ते दारूला शिवत नव्हते म्हणून. मामंजीच खरं मानेनात. तुमच्या मांडीवर होते ना ते? मग दहा दिवस कुठं होतात तुम्ही?"

"भ्यालो, अक्का."

"कशाला भ्यालात? तुम्हाला कोण काय करणार होतं?"

आप्पाजी वळले. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याबाहेर आली होती.

"वास नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नव्हता, बाबा. मी तोंडाजवळ कान नेला होता."

"नीट आठवून सांगा."

"झेंडूचा वास होता. दुसरा नव्हता."

म्हाताऱ्याने माळ मुठीत धरली. "त्याच दिवशी बोलला असतात, तर मी खांदा दिला असता."

देवाप्पाने पायरीवर डोकं टेकलं. आप्पाजी भिंतीला धरून उठले आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले.

"जाऊ नका," ते म्हणाले. "आता शिफ्ट सुटेल. ह्या चाळीतल्या प्रत्येकाला मी माझ्या तोंडानं सांगितलंय, पोरगं दारुडं निघालं म्हणून. आता तुम्ही सांगा. एकेकाला. मी बसतो इथं."

कारखान्याचा भोंगा झाला. रस्त्याच्या टोकाला सायकलींच्या घंट्या ऐकू येऊ लागल्या. पहिला सायकलवाला चाळीपाशी उतरला तसा देवाप्पा उठला, त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "अण्णा, संताजींबद्दल सांगायचं होतं."

तो माणूस थांबला. त्याच्या मागून येणारे दोघेही थांबले.

"दारू नव्हती," देवाप्पा म्हणाला. "मी होतो."

त्यांना समजलं नाही, म्हणून त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.