ताकात विझवलेलं लोखंड

"तब्येत लय सुधरली भाऊ!" हे वाक्य त्या दोन वर्षांत ज्यानं ज्यानं मला ऐकवलं, त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मला अजूनही वाटतं.

अमरावतीच्या भाजीबाजारात मी लिलाव पुकारायचो. सकाळी गाड्या लागायच्या. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, अंजनगावकडची केळी. ढिगावर ढीग पडायचे आणि मी पोत्याच्या थप्पीवर उभा राहून बोली वाढवत न्यायचो. तोंड लालभडक, कानाच्या पाळ्या लाल, तळहात लाल. माळणी म्हणायच्या, बायकोनं चांगलं खाऊ घातलेलं दिसते. व्यापारी म्हणायचे, पैलवान झाला गडी. आणि इकडे माझं डोकं सकाळपासून ठणकत असायचं, कानात भुंगा बसल्यासारखा आवाज यायचा, गरम पाणी अंगावर घेतलं की सगळं अंग खाजून काढावं असं वाटायचं. पण आपल्याकडे पांढरा पडला तो आजारी आणि लाल झाला तो ठणठणीत. त्यापलीकडे कुणाची अक्कल जात नाही. माझी तरी कुठे जात होती?

हे सुरू झालं गालगुंडापासून. लहानपणी व्हायचं ते मला चोविसाव्या वर्षी झालं, लग्नाला दोन वर्षं झाल्यावर. माय गालांवर लेप लावत होती, आणि दुखणं तोवर खाली उतरलं होतं. खाली म्हणजे कुठे, हे कळणाऱ्याला कळलं असेल. आठ दिवस मला मांड्या मिटता येत नव्हत्या. लाजेपायी कुणाला बोललो नाही. सूज उतरली, मी बाजारात उभा राहिलो, आणि विषय संपला असं समजलो.

तो संपला नव्हता. वर्षभरात दाढी आठवड्यातून एकदा केली तरी पुरायला लागली. आवाजातला जोर गेला. मागच्या गाडीवाल्याला बोली ऐकू येईना. दहा वाजले की मी पोत्यावर बसकण मारायचो. लिलाव पुकारणारा खाली बसला की लोक त्याच्या जागी दुसरा बघायला लागतात. घरी काय चाललं होतं ते बायकोला माहीत आणि मला. तीच एक दिवस म्हणाली, "अकोल्याले जा. इथं दाखवान तं कंपाउंडर बाजारभर करन."

अकोल्याचे डॉक्टर नागपूरला शिकलेले, बोलायला तुसडे. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि सरळ सांगून टाकलं, "दोन्ही अंडं वाळून गेलीत. पुरुषाच्या शरीराला लागणारं जे द्रव्य तिथं तयार होतं, ते आता होणार नाही. ते बाहेरून द्यायचं. जन्मभर." त्याचं नाव त्यांनी सांगितलं, टेस्टोस्टेरॉन. मला ते बरोबर म्हणायला तीन आठवडे लागले. तेलातलं औषध होतं, काचेच्या कुपीत यायचं, मुंबईहून मागवावं लागायचं. दुसरं महायुद्ध नुकतं संपलं होतं, म्हणून निदान मिळत तरी होतं. सोमवारी बाजार बंद असायचा. त्या दिवशी बडनेऱ्याला गाडी पकडायची, मूर्तिजापूर मागे टाकून अकोल्याला उतरायचं, कुल्ल्यात सुई टोचून घ्यायची आणि परत यायचं. आठवड्यातून एकदाच येणं जमत होतं, म्हणून डॉक्टर एकदम मोठा डोस द्यायचे.

चार महिन्यांत मी माणसात आलो. दाढी रोज करावी लागू लागली, आवाज बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊ लागला, बायको पुन्हा हसायला लागली. मूल होणार नव्हतं, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण मी पुन्हा मी झालो होतो, आणि ते मला कोणत्याही किमतीला परत द्यायचं नव्हतं.

मायनं विचारलं, हे दर सोमवारी अकोला काय हाय? मी सांगितलं, ताकदीचं इंजेक्शन. एवढंच. सगळं पुढचं या एका लबाडीतून निघालं.

वर्ष होत आलं तेव्हा डोकेदुखी सुरू झाली. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काचेच्या बारीक नळीत घेतलं. त्यात आम्ल घालतात, मग एकेक थेंब पाणी टाकत जातात, रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळेपर्यंत. पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढलं त्यावरून रक्त किती ते कळतं. डॉक्टर थेंब टाकत राहिले. शंभराची खूण गेली. पाणी वर वर चढलं, तरी माझा रंग गडदच. शेवटी त्यांनी नळी खाली ठेवली.

"हे औषध हाडांच्या मगजाला जास्त रक्त बनवायला लावतं," ते म्हणाले. "तुमचं रक्त काकवीसारखं दाट झालंय. मेंदूत गोठलं तर अर्धांग, डोळ्यात गोठलं तर आंधळे." मग दंडाला पट्टा बांधून बाटलीभर रक्त काढलं. आणि बजावलं, "रक्ताबरोबर शरीरातलं लोहही जाईल. थकवा येईल, नखं ठिसूळ होतील. तरी लोखंडाचं काही घ्यायचं नाही. टॉनिक नाही, भस्म नाही. लोह पोटात गेलं की त्याचं पुन्हा रक्तच होणार. कारखाना आधीच जोरात चाललाय, त्याला कच्चा माल पुरवू नका."

मी घरी येऊन बायकोला लोखंडी कढई आणि तवा माळ्यावर टाकायला लावले. मायनं कोपराची पट्टी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "रगत काढलं? बाटलीभर? अरे, मानसाचं रगत काढून इकतेत हे लोक!" मी म्हणालो, "तुले नाई समजत." हे वाक्य मी तिला आयुष्यात किती वेळा म्हणालो असेन, त्याची गणती नको.

पुढच्या महिन्यात नळी पुन्हा काठापर्यंत. पुन्हा बाटली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टर भडकले. "तुम्ही चोरून लोह घेता. एरवी इतक्या लवकर भरून येत नाही." मी शपथ घेतली. ते म्हणाले, "शपथा देवळात घ्या. डोस थोडा कमी करतो. पण पुढच्या वेळी हीच नळी दिसली तर इंजेक्शन बंद. तुम्ही माझ्या हातून मेलेलं मला नको."

त्या आठवड्यात लिलाव ऐन रंगात असताना उजव्या डोळ्यासमोर वरून काळा पडदा उतरला. मेथीचा ढीग अर्धा दिसेना. मी पुकारत राहिलो. काही मिनिटांनी पडदा आपोआप वर गेला. समोरचा व्यापारी म्हणत होता, भाऊचा चेहरा पाहा, जसा टमाटर.

औषध चालू राहिलं तर डोळा जाणार, बंद झालं तर मी जाणार. दोन्हीकडून मरण आणि चूक माझी नाही, याचा इतका संताप आला की मी घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला. बायकोला विचारलं, भाजीत काय टाकतेस? तिनं भाजीचं पातेलं माझ्यापुढे आदळलं. तिचं बरोबर होतं.

उलगडा झाला तो कौतुकातूनच. बाजारातल्या मोठ्या काट्याचा आकडा वाकला होता, तो सरळ करायला मी रस्त्यापलीकडच्या लोहाराकडे गेलो. म्हातारा मुसलमान, भात्याजवळ बसून मला न्याहाळत होता. म्हणाला, "भाऊ, चेहरा देखो अपना! ये अम्मा की मेहनत है."

"कोन अम्मा?"

"तुमची माय. रोज सकाळी लोटाभर ताक घेऊन येते ना. मी लोखंड लाल करतो, ताकात विझवतो. सात वेळा. दोन-तीन वेळा केलं तं म्हने, नाई भाई, पूरे सात. पोराचं रगत काढतेत, त्याले भरून पाह्यजे."

आमच्याकडे पांढऱ्या पडलेल्या बाळंतिणीला हे ताक देतात. मला ते माहीत होतं. मला हेही माहीत होतं की घरात गेले कित्येक दिवस रोज कढी होत होती, जरा काळपट, आणि मी ती दोनदा मागून घेत होतो.

मी आकडा तिथंच टाकला आणि घरी गेलो. चुलीवर कढी होती. मी पातेलं लाथेनं उडवलं.

माय चुलीपुढून उठली. "अन्नाले लाथ मारतं?"

"हे अन्न नोहे, जहर हाय! तिकडं तो रगत काढून राह्यला, इकडं तू भरून राह्यली! माहा डोया जाऊन राह्यला माय, अन् तू सात-सात वेळा लोखंड विझवून राह्यली!"

"मंग रिकामा होऊ देऊ तुले? त्या डॉक्टराची ताकदीची सुई अन् बाटलीभर रगत, हे कोनतं औषध व्हय?"

तेव्हा मी ओरडून सगळं सांगितलं. गालगुंड, ते खाली उतरणं, वाळलेलं काय ते, कुपीतलं तेल, दाट झालेलं रक्त. दारात बायको उभी होती, शेजारच्यांनीही ऐकलं असेल. मला पर्वा नव्हती. ज्या गोष्टीसाठी मी दर सोमवारी गाव सोडून जात होतो, ती मी अंगणापर्यंत ऐकू जाईल अशी पुकारली.

मला वाटलं माय रडेल. ती रडली नाही, ती माझ्यापेक्षा जास्त चिडली.

"हे मले आता सांगतं? तुह्यं हागमूत काढलं मी. तुह्यं काय हाय अन् काय नाई हे मले नाई सांगायचं, तं कोनाले सांगायचं? डॉक्टराले मालूम, सुनेले मालूम, अन् मी येडी त्या भट्टीपाशी उभी! मले सांगतलं असतं तं मी एक थेंब बी टाकला असता काय?"

मी आणखी ओरडलो. ज्याची चूक असते त्याचाच आवाज मोठा असतो, आणि माझा तर औषधानं वाढवलेला.

महिनाभर ती ताट वाढायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. कढी बंद झाली. महिन्यानंतरच्या सोमवारी मी तिला म्हणालो, "चाल अकोल्याले." तिला डॉक्टरांकडून चार शब्द ऐकवायचे होते मला. माझं तिनं ऐकलं नसतं, पण शिकलेल्या माणसाचं ऐकलं असतं. आपण केलं ते काय होतं, हे तिला कळायला हवं होतं. इतका राग माझ्या पोटात अजून शिल्लक होता.

डॉक्टरांनी आधी माझं बोट टोचलं. थेंब पडत गेले आणि रंग खुणेपाशी येऊन जुळला. डॉक्टरांनी नळी उजेडाकडे धरून दोनदा पाहिली. "आता ठीक. इंजेक्शन चालू ठेवू. पण आठवड्याचं एकदम नाही, थोडं थोडं तीनदा. सुई उकळून टोचायला बायकोला शिकवा. असं केलं तर रक्त काढायची वेळ फारशी येणार नाही." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. दुसऱ्या क्षणी मी मायकडे बोट केलं. "साहेब, हिनंच मले रोज लोखंड विझवलेलं ताक पाजलं. हिले सांगा जरा."

डॉक्टर मायकडे बघत होते. दवाखान्याला पाचच पायऱ्या होत्या, आणि ती आत येऊन बाकावर बसली त्याला आता चांगला वेळ झाला होता, तरी तिचा श्वास खाली बसला नव्हता. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत कागद असावा तसं पांढरं होतं. त्यांनी तिचं बोट दाबलं, टोचलं, पुन्हा दाबलं. रक्त यायला तयार नव्हतं. आलं ते नळीत घेतलं, पाण्याचे थोडेसे थेंब टाकले, आणि तेवढ्यातच ते फिकं होऊन काचेच्या रंगाच्याही खाली गेलं.

"निम्मंसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले. "जन्मभर अनवाणी मळ्यात चालल्या असतील, तळव्यातून शिरलेले कृमी पोटात रक्त पीत असणार. बाई, ते ताक तुम्ही स्वतः कधी प्यायलात का?"

माय त्यांच्याकडे अशी पाहायला लागली, जसं काही त्यांनी वेड्यासारखं विचारलं. "मी कायले पिऊ? ते पोराचं होतं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "यांना धाप कधीपासून लागते?"

मी तोंड उघडलं. माझ्या नळीतलं पाणी कोणत्या महिन्यात कुठल्या खुणेला होतं ते मला पाठ होतं. माझी नखं कधी ठिसूळ झाली, डोळ्यावरचा पडदा कोणत्या वारी उतरला, सगळं सांगता आलं असतं. ही बाई माझ्यासमोर रोज ताट ठेवत होती, आणि तिच्याबद्दल मला एक शब्द सांगता येईना.

मायनं पदरानं बोट पुसलं आणि ती मध्येच बोलली, महिनाभरात पहिल्यांदाच माझ्या बाजूनं. "त्याले नका विचारू साहेब. त्याचीच तब्येत बरी नाई राह्यत."