शिवडीच्या चिखलावर गुलाबी साड्या

आमच्या लेकीला चिखलाचं वेड आहे. सुट्टी मिळाली की ही निघाली शिवडीच्या खाडीवर. लोकांना तिथली तिवरं, खेकडे, पक्षी दाखवत फिरवणारी एक संस्था आहे, तिच्यात ही सगळ्यांच्या मागून पाण्याच्या बाटल्या वाहत हिंडायची. यंदा कुठे तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "या रविवारची फेरी तू एकटी ने. मी मागे राहीन. जमलं तर हंगामभर तुलाच देते." लेक आठवडाभर धड जेवली नाही. अनोळखी माणसांसमोर उभी राहिली की तिचा आवाजच बसतो.

त्यात नावं आली जेमतेम तिघांची. माणसं नाहीत तर फेरी रद्द. मग मी काळाचौकीत राहते कशाला? चाळीच्या गॅलरीत एक हाक मारली, अख्खा मजला तयार. लेकीने बजावलं, "आई, त्यांना मातीच्या रंगाचे कपडे घालायला सांग हां. भडक नको, पाखरं बुजतात." मी बायकांच्या ग्रुपवर तसंच्या तसं टाकलं.

पण आमच्याकडे नवरात्रापासून एक खूळ आहे. चौघी एकत्र निघाल्या की आधी कलर ठरतो. माझा मेसेज सुप्रभातच्या फुलांखाली गाडला गेला आणि शेजारच्या काकींनी जाहीर करून टाकलं, "फ्लेमिंगो बघायला जातोय, कलर गुलाबी!" रविवारी सकाळी जिन्यावरून गुलाबी साड्यांची रांग उतरली, आणि खाली मी एकटी खाकी ड्रेसमध्ये. अशी तळपायाची आग मस्तकात गेली! पण साड्या बदलेपर्यंत ओहोटी थोडीच थांबणार होती?

खाडीवर आम्हाला पाहताच लेकीचा चेहरा पडला. मोठ्या बाई मागे हाताची घडी घालून उभ्या. लेकीने तोंड उघडलं, पण पाठ केलेलं एक वाक्य बाहेर येईना.

तेवढ्यात काकी चिखलाकडे बोट दाखवून किंचाळल्या, "अगो, निवटे! हेंचा तिखला काय मस्त होता!"

"काकी, कालवणाचं राहू दे," लेक पटकन म्हणाली. "मासा असून पाण्याबाहेर कसा पळतोय बघा ना. अंगात ओल आहे तोवर तो असाच हुंदडणार."

झालं, गाडी रुळावर आली. घरी गॅलरीत बोलते तशी ती बोलायला लागली. तिवराचं पान खुडून म्हणाली, "जीभ लावून बघा." खारट! खाडीतलं जास्तीचं मीठ ते झाड पानांतून बाहेर टाकतं म्हणे. "मीठ संपला तर आता हयच येवचा," काकी म्हणाल्या, आणि ती तीन अनोळखी माणसंही खो खो हसली.

मग फ्लेमिंगो. लांब, पार पाण्याच्या कडेला. बायका एकदम पुढे धावल्या आणि अख्खा थवा आणखी मागे सरकला.

"बसा खाली!" लेक ओरडली. हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. "सगळ्यांनी. एक शब्द नाही. भरती चढली की ते आपणहून काठाकडे येतील. आपण फक्त हलायचं नाही."

आमच्या बायका गप्प बसणं म्हणजे काय, हे चाळीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. पण बसल्या, पदर आवरून, बांधावर ओळीने. पाणी हळूहळू चढत होतं. पाखरं माना चिखलात घालून चरत चरत इतकी जवळ आली की चोचींचा चुबुकचुबुक आवाज ऐकू यायला लागला. काकींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी मात्र पाखरं कमी आणि लेकीला जास्त बघत होते. तिच्या तोंडावर भीतीचा मागमूस नव्हता. इतका आनंद मला तिच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

परतताना मोठ्या बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या रविवारीही तूच."

लेक काही बोलायच्या आत काकींनी मोबाईल काढला. "कलर बोल गो!"

"चिखलाचा, काकी!" लेक म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोकळं हसली.