काच आणि भिंत

वसंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात माझ्या लेकीचा, मुक्ताचा, चष्मा दुरुस्त करायला दुकानात उभा होतो. दादा गेला याचं दुःख झालं, आणि आता लेकीच्या डोळ्यांबद्दल विचारायचं कुणाला, ही काळजीही लागली.

दादा माझा आतेभाऊ. पिशोरच्या शेतकरी घरातला, शहरात डोळ्यांचा डॉक्टर. त्या कोरड्या वर्षांत पाण्याचे टँकर आणि नव्या इमारती मिळून सगळीकडे धूळ उडवत होत्या, आणि दादाकडे डोळे चोळणाऱ्यांची रांग लागायची. समोर कुणी डोळा चोळला की तो बोलता बोलता त्याचं मनगट धरायचा. एका लग्नात त्यानं व्याह्यांचंच धरलं. त्यांना वाटलं, मानपानात काही राहिलं. ते बिचारे उठूनच उभे राहिले.

मुक्ताला जाड भिंगांचा चष्मा. लेझर करून तो घालवायचा, हा तिचा हट्ट. दादानं हवेची फुंकर मारणाऱ्या यंत्रावर बुबुळावरचा पारदर्शक पडदा किती दबतो, कसा परततो ते पाहिलं. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागाची जाडीही मोजली आणि आकडे पुन्हा एकदा पाहिले.

"खिडकीची काच, म्हंजी हा पडदा, जाडीला ठीक हाय," तो शेवटी म्हणाला, "पण ती ज्या भिंतीत बसलीय ती भिंत पातळ हाय. काच बी लई दबतीय. लेझरनं तीच आता तासायची म्हणजे..."

"म्हणजे नाय करायचं?"

"पक्कं सांगता येत नाय रे. म्हणून वर्षभर थांबा. दोन्ही परत मोजू. अन् पोरी, डोळा चोळायचा नाय, चोळून काच अजून कमजोर व्हती."

मुक्ता रुसली, पण थांबली. वर्ष सरत आलं आणि दादाचं हृदयच थांबलं.

मागच्या आठवड्यात तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पडदा तपासला, म्हणाले, करून टाकू. पांढऱ्या भागाचं काय, असं मी भीत भीत विचारलं. ते आम्ही मोजत नाही, म्हणाले. तारीख देऊ लागले तेव्हा मुक्ता उठून बाहेर पडली, मागोमाग मीही.

बाहेर एक टँकर धूळ उडवत गेला. डोळ्यात कण गेला, माझा हात आपसूक वर उठला... आणि मुक्तानं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट. जाड काचांआड तिचे डोळे भरले होते.

"मोजणारा डॉक्टर शोधू, बाबा," ती म्हणाली. "तोवर चष्मा ऱ्हाऊ द्या."