कणीक मळताना जपानी गाणं

माझी मुलगी सायली जपानी शिकते. अभ्यास करताना ती मोबाइलवर तिकडची गाणी लावते. त्यातलं एक संथ गाणं ऐकून ऐकून माझ्या तोंडी बसलं. काल कणीक मळता मळता तेच गुणगुणत होते. मागे खुसखुस ऐकू आली म्हणून वळले, तर सायली माझं शूटिंग करत होती आणि तिची मैत्रीण तोंड दाबून हसत होती.

"अगं आई, अर्थ तरी कळतोय का तुला?"

"थांबलात का काकू? म्हणा ना!" मैत्रीण म्हणाली.

मी पाठ फिरवून पुन्हा कणीक मळायला लागले. सायलीनं ते शूटिंग घरच्या ग्रुपवर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांनी पाहिलं.

तेव्हापासून डोकं तापलंय. गणपतीत आरतीनंतर हेच नातेवाईक डोळे मिटून, घसा ताणून संस्कृत मंत्र म्हणतात. त्यातला एक शब्द तरी कुणाला कळतो? तिथे कुणी हसत नाही. उलट जो मोठ्यानं म्हणेल त्याचं कौतुक होतं. मी चौथी शिकले, पण सूर काय पाचवीत शिकवतात?

त्या गाण्यात एका ठिकाणी बाईचा आवाज असा खाली येतो, की कुणाला एस्टीत बसवून रिकाम्या घरी परतल्यासारखं वाटतं. तिथे ती काय म्हणते, हे सायलीला निवांत विचारायचं ठरवलं होतं.

आता नाही विचारणार. आज कणीक मळताना तेच गाणं म्हटलं, जरा मोठ्यानं. सायली दारात येऊन उभी राहिली. मी थांबले नाही.