आख्खं कडबोळं

भुसावळात मे महिन्याच्या दुपारी जो झोपत नाही तो एकतर ड्यूटीवर असतो, नाहीतर वेडा. मी आडवी झाले आहे. कूलर एका सुरात घरघरतोय, वाळ्याचा ओला वास येतोय, आणि समोर स्टुलावर भागवतदादांचं अकॉर्डियन पेटीतून बाहेर काढून ठेवलंय. संध्याकाळी हायवेवरच्या रिसॉर्टचा माणूस येऊन ते घेऊन जाणार आहे. कोलते शेठना ते लॉबीच्या भिंतीवर टांगायचंय, जुना कंदील आणि बैलगाडीचं चाक यांच्या मधोमध.

बदल्यात आम्हाला दर शनिवारचा कार्यक्रम. पण नुसती जुनी हिंदी सिनेमाची गाणी, तीही कीबोर्डवर. "लोक जेवायला येतात मॅडम, त्यांच्या डोक्याला ताप नको," शेठ म्हणाले. आमचा ताप म्हणजे काय, तर आम्ही ब्लूज वाजवतो, सोल वाजवतो, टेक्सास-मेक्सिकोच्या सीमेवरचं ते उड्या मारणारं टेक्स-मेक्स वाजवतो, आणि मधेच आपल्या मातीतलं काहीतरी घुसवतो. एका महोत्सवात संयोजक वैतागून म्हणाला होता, "हे काय कडबोळं लावलंय?" भागवतदादांनी त्याच्याच माइकवरून सांगितलं, "नाव आवडलं, साहेब." तेव्हापासून आमच्या बँडचं नाव कडबोळं.

दादा गेल्या दिवाळीत गेले. त्यांच्या सुनेने अकॉर्डियन माझ्याकडे आणून दिलं, "निर्मलाताई, तुम्हीच सांभाळा," म्हणाली. मी गाणारी बाई, मला ते वाजवता कुठे येतंय? गिटारवाला मुनाफ आणि ड्रमवाला आनंदा, दोघांनी निर्णय माझ्यावर टाकला. मी शेठना हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. म्हणजे झालंच की ते.

डोळे जड होतात. कूलरचा आवाज खाली उतरतो, आणखी खाली, आणि त्या आवाजावर कुणाचा तरी पाय ठेका धरतो.

भागवतदादा पलंगाच्या पायथ्याशी बसलेत. अंगात रेल्वेच्या लोको शेडची निळी डांगरी, खिशातून डोकावणारा कापसाचा बोळा, बोटांना ग्रीस. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली होती, तरी मरणानंतर माणूस पुन्हा ड्यूटीचेच कपडे घालतो हे मला पटतं.

"झोपली व्हय वं, निमा?"

"झोपलेय म्हणून तर तुम्ही दिसताय."

"तोंड तसंच हाये तुह्यं," ते म्हणतात आणि खूश होतात.

"होतात कुठे इतके दिवस?"

"फिरू रायलो. मेल्यावर पास लागत नाही." हा माणूस आयुष्यात इटारशीच्या पुढे गेला नाही. "रिओ ग्रांदे नदी पाह्यली, टेक्सास-मेक्सिकोच्या मधातली. लय ऐकलं व्हतं तिचं. उन्हाळ्यात आपल्या वाघूरवानीच हाये, अर्धी वाळू. पन काठावरचे लोक काय नाचतात वं! आपल्या लग्नातल्या बँडवाल्यांचाच ठेका, दुसरं काही नाही."

मी पाय खाली सोडते तर फरशी लाकडाची झालेली. आम्ही रेल्वे इन्स्टिट्यूटच्या जुन्या हॉलमध्ये आहोत, जिथे आम्ही पहिल्यांदा वाजवलं. खुर्च्या रिकाम्या आहेत. त्या रात्रीही दुसऱ्या गाण्याला निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. पंखे फिरतायत, पण उलटे.

"काय देऊन रायली तू त्या शेठले?" दादा विचारतात. आता आवाजात गंमत नाही.

"तुम्हाला कळलं तर."

"मले काबर नाही कळनार? महा बाजा हाये तो."

माझं डोकं फिरतं. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण ज्यांनी म्हटलंय त्यांचा भागवत तायडेंशी संबंध आलेला नसावा. "तुमचा बाजा! तुम्ही कुणाला कधी हात लावू दिलात त्याला? मी तीस वर्षं शेजारी उभी राहून गायले. एकदा नुसता पट्टा धरला तर केवढ्याने ओरडलात! शिकवलंत मला? मुनाफला? स्वतः गेलात आणि ही अकरा किलोची आठवण माझ्या गळ्यात टाकून गेलात. आता भिंतीवर जाणार नाही तर कुठे जाणार?"

दादा उठतात. हॉलचं बाजूचं दार उघडतात, आणि बाहेर कापसाचं शेत आहे.

काळी जमीन, पांढरी बोंडं, कमरेला कापडाचे ओटे बांधून कापूस वेचणाऱ्या बाया. एकजण गाण्याची ओळ फेकते, बाकीच्या ती परत करतात. दमलेल्या आवाजांची ती ये-जा मी लहानपणापासून ऐकत आलेय. पहिल्यांदा ब्लूजची कॅसेट लावून दादांनी मला हेच सांगितलं होतं, की तिकडे मिसिसिपीत गुलाम केलेली माणसं कापूस वेचता वेचता गायची, तर आपल्याला हे परकं काबर वाटावं?

"आनं सोल?" ते आता विचारतात, परीक्षा घेतल्यासारखं.

"तुमची विहारातली गायन पार्टी."

"मंग! भीमगीत म्हनतांना मह्या बापाचा घसा फाटे. रक्त येवाचं बाकी राहे. माइक नव्हता, स्टेज नव्हतं, चावडीजवळ वाजवाची बंदी व्हती. तरी वाजवे. 'मी हावो' असं वरडून सांगनं हे, त्याले तिकडं सोल म्हनतात. आनं तुहा शेठ म्हनते, जेवतांना तरास होते!"

एक बाई ओटा सावरत माझ्याकडे बघते आणि ओळ माझ्याकडे फेकते. मला ती परत करता येत नाही. त्याची मला भयंकर लाज वाटते.

शेत संपतं तिथे रिसॉर्टची लॉबी आहे. गुळगुळीत फरशी, पनीरचा वास, वाडग्यांत चमचे. भिंतीवर कंदील, चाक, आणि मधल्या खिळ्याला दादा. खुद्द दादा. चामड्याच्या पट्ट्याने लटकलेत, डांगरीसकट, पाय अधांतरी. खालून एक पोरगी सेल्फी काढतेय.

"निमा, पाय आखडले वं," ते हळूच म्हणतात. "उतरव मले."

मी टेबलावर चढते. ताटं बाजूला लाथाडते, मला काहीही वाटत नाही. कोलते शेठ म्हणतायत मॅडम, मॅडम. मी दादांना काखेत हात घालून उचलते आणि ते हलके आहेत, हवा काढलेल्या भात्याइतके. मला रडू येतं. मी रडते, मोठ्याने, टेबलावर उभी राहून, सगळ्यांसमोर. दिवाळीत रडले नव्हते ते आता.

"बस झालं," दादा म्हणतात. "काम हाये."

लोको शेडमध्ये आहोत. ऐरणीवर अकॉर्डियनचा पट्टा पसरलाय. हा पट्टा दादांच्या धिप्पाड अंगाला बेतलेला, बक्कल कायम शेवटच्या भोकात. माझ्या खांद्यावर घातला तर बाजा गुडघ्यापर्यंत लोंबेल. दादा एका डोळ्याने माझा खांदा मापतात, बोटाने पट्ट्यावर खूण करतात, भोक पाडायचा पंच ठेवतात आणि हातोडी मारतात. एकच घाव.

"आता शिकवत नाही मी," ते म्हणतात. "वेळ नाही. बोंबलत वाजव. मी बी तसंच शिकलो."

"लोक हसतील."

"हसू दे ना. उठून तं गेले नाही?"

ते मागे उभे राहून पट्टे माझ्या खांद्यांवर चढवतात. बक्कल आवळताना त्यांची बोटं गार लागतात. शेडमध्ये टोप्यावाले लोक आलेत, त्या रिओ ग्रांदेकाठचे, आणि कापूसवाल्या बाया ओटे सोडून त्यांच्याबरोबर फेर धरतायत. मघाची ती बाई ओळ पुन्हा फेकते. मी भाता ओढते, तोंड उघडते, आणि

दारावर थाप. कूलर. घामाने भिजलेली उशी.

"मॅडम, शेठनी गाडी पाठवलीय," रिसॉर्टचा मॅनेजर दारात उभा आहे. बिचाऱ्याने काळजी घेतलीय. "गुंडाळायला फोमपण आणलाय."

"थांबा," मी म्हणते. अकॉर्डियन स्टुलावरच आहे. उचलून त्याच्या हातात द्यायचं, एवढंच करायचंय. पण ते जड आहे, म्हणून मी आधी एक पट्टा खांद्यावर घेते. मग दुसरा.

ते छातीवर बसतं. गुडघ्यापर्यंत जात नाही, पोटावर लोंबत नाही, बरोबर छातीवर बसतं.

मी मान वळवून बघते. शेवटचं भोक, दादांचं, वर्षानुवर्षं ताणून लांबुळकं झालेलं, रिकामं आहे. बक्कल त्याच्या वीतभर वर आहे, एका नव्या भोकात. भोकाच्या कडेचं चामडं कच्च्या शेंगदाण्याच्या रंगाचं आहे. बाकीचा पट्टा काळाकुट्ट.

"मॅडम?"

"हे जात नाही."

"पण शेठना काय सांगू? शनिवारचं?"

"सांगा, कडबोळं येईल तर आख्खं येईल. ब्लूज येईल, सोल येईल, टेक्सासवाल्यांचं येईल आणि कापूस वेचणाऱ्या बायांचंही येईल. जेवताना कुणाला ठसका लागला तर पाणी भरून ठेवा म्हणावं."

तो फोमची गुंडाळी या काखेतून त्या काखेत घेतो. "शेठ नाही म्हणतील, मॅडम."

"म्हणू दे. इन्स्टिट्यूटचा हॉल आहे की."

"आणि हे वाजवणार कोण? ते म्हातारे तर..."

मी भाता ओढते. कुठली बटणं दाबली गेली देव जाणे. असा आवाज निघतो की गल्लीतलं झोपलेलं कुत्रं उठून उभं राहतं आणि मॅनेजर एक पायरी खाली उतरतो.

"मी," मी सांगते, आणि पुन्हा ओढते.