पुठ्ठ्याचा शंकरसिंग

नीळकंठ मोहरीलच्या घरात तीन पिढ्या कागदावर जगल्या. आजोबा तहसिलीत, वडील जिल्हा परिषदेत, थोरला भाऊ कोर्टात. पण त्याच कागदाला घडी घालून जमिनीवर उभं करणारा हा पहिलाच निघाला. बारावीनंतर त्याने घरी सांगितलं की मला पुठ्ठ्याचं काम करायचंय, तेव्हा वडील दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवले. बामणाच्या पोराने खोकी चिकटवायची म्हणजे अतिच झालं!

पण पोरगा खोकी चिकटवणारा नव्हता. दुकानाच्या दारात जाहिरातीसाठी उभे करतात ना, ते पुठ्ठ्याचे स्टँड, कधी बिस्किटांचे, कधी साबणाचे, कधी बियाण्यांचे, ते तो बनवायचा. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पत्र्याची एक शेड, एक कापायचं मशीन आणि पाच बाया. त्याचा स्टँड पाटासारखा सपाट होऊन दुकानात जायचा, आणि दुकानदाराने दोन टोकं धरून ओढली की दहा आकडे मोजायच्या आत उभा. गोंद नको, चिकटपट्टी नको, कात्री नको. नीळकंठचं एकच सूत्र होतं, आणि ते तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा, "दुकानदार हा जगातला सगळ्यात आळशी प्राणी आहे. त्याच्यावर एकही काम सोडायचं नाही." या सूत्रावर त्याने वीस वर्षं पोट भरलं. ते त्याने आयुष्यात एकदाच मोडलं, त्याची ही गोष्ट.

शेडमधल्या पाच बायांत मानीबाई सगळ्यात जुनी. बाभुळगावजवळच्या तांड्यावरून ती रोज एसटीने यायची. अकरा वर्षं झाली होती. नवा नमुना तयार झाला की नीळकंठ तो न बोलता तिच्यापुढे टाकायचा. तिने काही न विचारता तो उभा केला तर पास. "हे कुठं खुपसायचं, भाऊ?" असं तिने विचारलं की नीळकंठ तो फाडून टाकायचा आणि पुन्हा पेन्सिल घ्यायचा. तिच्या हाताएवढा विश्वास त्याचा स्वतःच्या डोक्यावरही नव्हता.

दोन हजार सतराच्या जुलैत एका औषध कंपनीचं काम आलं. औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं, आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात. कंपनीचा एरिया मॅनेजर रजत गाडीतून उतरला तोच बोलत. त्याला पुरा माणूस हवा होता, पाठीवर पंप, हातात नळी, पायाशी बाटल्यांचं फळकूट. "आणि मोहरीलजी, मॉडेल नको यार. इथलाच माणूस पाहिजे. शेतकऱ्याले वाटलं पाहिजे का हा आपलाच आहे."

मानीबाईने धाकट्या भावाला आणलं. शंकरसिंग उंच, झुपकेदार मिशांचा, आणि हसला की सगळे दात दाखवणारा. हंगामात तो रोजाने फवारणीला जायचा, त्यामुळे पंप त्याच्या पाठीवर असा बसला की जसा काही जन्मापासून तिथेच होता. नियमाप्रमाणे त्याला मास्क, चष्मा, हातमोजे घालून फोटो काढला. रजतने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"हा शेतकरी आहे का दरोडेखोर? याची स्माइल कुठे गेली?"

"मास्क लागतो," नीळकंठ म्हणाला. "तुमच्याच हेड ऑफिसच्या कागदात लिहिलंय."

"लिहिलंय तर दाखवा ना मास्क. पण चेहरापण दाखवा. दोन्ही पाहिजे. तुम्ही डिझायनर आहात, मी थोडाच आहे?"

नीळकंठला या शब्दाची भारी हौस. डिझायनर म्हटलं की तो विरघळायचा. तीन दिवस डोकं लावून त्याने असा तोडगा काढला की सापही मरावा आणि काठीही मोडू नये. फोटो उघड्या तोंडाचा छापायचा, दात, मिशा, सगळं. मास्क मात्र वेगळा, छोट्या पुठ्ठ्याचा, दोन्ही बाजूंना जिभा काढलेला. चित्रातल्या कानांपाशी दोन खाचा. दुकानदाराने मास्क खाचांत खोचला की नियम पाळला गेला. मास्क पाकिटात घालून स्टँडच्या पाठीला पिना मारून लावायचा. रजतने टाळी वाजवली. मानीबाईने एकशेचाळीस मास्क एकशेचाळीस पाकिटांत स्वतःच्या हातांनी भरले.

एवढंच तिने विचारलं, "भाऊ, हे दुकानवाले लावतीन का?"

"लावतील. सोपं आहे," नीळकंठ म्हणाला. आणि वीस वर्षांचं सूत्र त्या क्षणी त्याला आठवलं नाही, किंवा आठवलं आणि त्याने ते गिळलं. मला विचाराल तर गिळलं.

ऑगस्ट संपता संपता तो बाभुळगावला पुंडलिकरावांच्या कृषी केंद्रात सहज डोकावला. आपला स्टँड कसा उभा आहे हे बघायची त्याला खोड होती. दारातच शंकरसिंग उभा, ताठ, हसरा, जरा म्हणून झुकलेला नाही. नीळकंठची छाती भरून आली. मग त्याचं लक्ष तोंडाकडे गेलं.

"पुंडलिकराव, याचा मास्क?"

"कोनता मास्क?" पुंडलिकरावांनी काउंटरवरचा चहाचा ग्लास उचलला. खाली मास्क होता, त्यावर ग्लासाचे गोल डाग. "हे व्हय? मले वाटलं पॅकिंगचा तुकडा हाय."

नीळकंठने तो पुसून खाचांत खोचला. तो शेजारी चहा पिऊन परत आला तर मास्क पुन्हा काउंटरवर. "राहू द्या न भाऊ. लोक त्याच्यासंग फोटो काढून राह्यले. तोंड झाकलं तर वळखू कसा येईन? तांड्यातले पोरं तर म्हन्तात, आमचा हिरो हाय."

त्याने रजतला फोन केला. रजत हसला, मग एकदम गंभीर झाला. दिवाळीला साडेतीनशे स्टँडचं काम आहे, म्हणाला, आणि ते कुणाला द्यायचं हे अजून ठरलेलं नाही. तुम्ही मास्क दिला, तुमचं काम झालं. आता दुकानदाराने नाही लावला तर त्यात तुमचा काय दोष? नीळकंठने फोन ठेवला. इतर दुकानांत काय आहे हे बघायला तो गेला नाही. न बघताच त्याला ठाऊक होतं. पुढचे तीन आठवडे तो दिवाळीचे नमुने कापत बसला, आणि रात्री जेवताना बायको मंजुषा काही विचारायची तेव्हा दुसरंच उत्तर द्यायचा.

त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. बियाण्याच्या पाकिटावर अळी येणार नाही असं छापलेलं, आणि बोंडं फोडावीत तर आत अळी. मग लोक फवारत सुटले. आज एक, परवा दुसरं, तेरवा दोन्ही मिळून. झाड डोक्याएवढं, म्हणजे नळी वर धरायची, आणि वर मारलेलं औषध खाली कुणाच्या तोंडावर येणार हे सांगायला पंडित नको. सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी मंजुषाने पेपर त्याच्यापुढे ठेवला. फवारणी करणारे सरकारी दवाखान्यात भरती होत होते. काही दगावले होते. तिने बोट ठेवलं त्या ओळीत लिहिलं होतं की बहुतेकांच्या तोंडाला काही बांधलेलं नव्हतं.

नीळकंठ चहा न पिता शेडवर गेला. मानीबाई पुठ्ठ्याला घड्या घालत होती.

"शंकरसिंग कुठे आहे?"

"फवारून राह्यला. आज तिसरा दिस हाय. एकाच मालकाची अठरा एकर हाय."

"तोंडाला बांधतो ना काही?"

मानीबाई हसली. "कायले बांधन? आंदी दुपट्टा बांधे. आता बांधत नाई. पोरं चिडवतात त्याले, फोटोत त मोकळा उभा हायेस अन् इथं बायकोवानी पदर घेतं काहून?"

नीळकंठच्या हातातली किल्ली खाली पडली. त्याने ती उचलली. "चला," तो म्हणाला. "आत्ता. स्कूटरवर बसा." मानीबाईने त्याचं तोंड पाहिलं आणि हातातला पुठ्ठा तिथेच टाकला.

बाभुळगावच्या पुढे तीन किलोमीटरवर शेत. धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, स्कूटर टाकली आणि दोघं उभे राहिले. समोर हिरवी भिंत, माणूस दिसण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणीच्या पंपाचा आवाज, घर्रर्र, कुठून तरी आतून.

"भिया!" मानीबाईने भावाला हाक मारली. "ए भिया!"

"त्या आवाजात त्याला ऐकू येणार नाही," नीळकंठ म्हणाला. स्वतःलाच धीर देत होता. काम चालू आहे, आवाज आहे, म्हणजे माणूस धड आहे. पंप चालतोय तोवर भ्यायचं कारण नाही.

मानीबाई मात्र कान देऊन उभी होती. अर्धं मिनिट गेलं असेल. मग तिने नीळकंठचं मनगट धरलं. अकरा वर्षांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता.

"भाऊ, आवाज हालून नाई राह्यला."

खरंच. फवारणारा माणूस पिकाच्या ओळीने पुढे सरकतो, त्याच्यासोबत आवाज सरकतो. हा आवाज एकाच जागी होता. दोघं पराटीत घुसले. पानं ओली होती, औषधाचा उग्र वास नाकात भरत होता, फांद्या तोंडावर आपटत होत्या. नीळकंठने रुमाल नाकाला लावला, आणि लावता लावता त्याला स्वतःची एवढी शरम वाटली की त्याने तो तसाच खिशात कोंबला. तो मूर्खपणा होता, पण त्या घडीला शहाणपण कुठून आणायचं?

शंकरसिंग पराटीच्या दोन ओळींच्या मधे मांडी घालून बसला होता. पंप पाठीवर तसाच चालू. तोंडातून लाळ गळत होती, मिशा भिजल्या होत्या. डोळे उघडे होते, पण बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. नीळकंठने पंप बंद केला. एकाएकी सगळं शेत गप्प झालं.

"कोन हाय?" शंकरसिंगने विचारलं.

"मी हाव, भिया. मानी."

"अंधार काहून पडला बाई इतक्या लवकर?"

डोक्यावर अकराचं ऊन होतं. मानीबाईने हंबरडा फोडला नाही. तिने भावाचा सदरा फाडून काढला, धुऱ्यावरच्या ड्रमातलं पाणी त्याच्या अंगावर, तोंडावर ओतलं, आणि दोघांनी मिळून त्याला रस्त्यापर्यंत ओढत नेलं. एका पिकअपवाल्याने थांबून आत घेतलं. बाभुळगावच्या चौकात गाडी गर्दीत अडकली, आणि अडकली ती नेमकी पुंडलिकरावांच्या दुकानासमोर. दारात पुठ्ठ्याचा शंकरसिंग उभा होता, दात काढून. खरा शंकरसिंग बहिणीच्या मांडीवर आचके देत होता. मानीबाईने बाहेर पाहिलं. मग तिने नीळकंठकडे पाहिलं, आणि यवतमाळ येईपर्यंत नजर काढली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं.

दवाखान्यात शंकरसिंगचे हातपाय पट्ट्यांनी खाटेला बांधावे लागले, इतका तो बरळत, उठत होता. दर थोड्या वेळाने इंजेक्शन. पहिले तीन दिवस डॉक्टर काही सांगेनात. नीळकंठ दिवसा त्या व्हरांड्यात बसायचा. मधल्या एका दिवशी तो उठला आणि स्कूटरवर दुकानं फिरत सुटला. एकवीस दुकानांतले स्टँड त्याने स्वतःच्या हाताने मोडले. रजतचे नऊ फोन आले, एकही उचलला नाही. बाकीच्या एकशे एकोणीस दुकानांत शंकरसिंग हसतच उभा होता.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जगेल. नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. मानीबाईने भिंतीला टेकून डोळे मिटले. नीळकंठ बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून रडला.

सहाव्या दिवशी चौकशीला एक सरकारी साहेब आले. हातात छापील फॉर्मचा गठ्ठा, खाटेमागून खाट. शंकरसिंग आता शुद्धीवर होता. डोळ्यांपुढे सावल्या हलतात, एवढंच दिसायचं.

"फवारताना तोंडाला काही लावलं होतं?"

"नाई सायेब."

"कुणी लावू नको म्हणून सांगितलं?"

खाटेच्या पायथ्याशी नीळकंठ उभा होता. शंकरसिंगला तो दिसत नव्हता, पण तिथे आहे हे ठाऊक होतं. बहिणीची नोकरीही ठाऊक होती. "कोनी नाई," तो म्हणाला. "माह्याच मनानं. माहीच चूक हाय."

साहेबांनी 'निष्काळजीपणा' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. नीळकंठला घरी जाता आलं असतं, दिवाळीचं कामही मिळालं असतं, आणि कुणी त्याबद्दल ब्रही काढला नसता.

"थांबा," नीळकंठ म्हणाला. "हे खरं नाही. याला उघड्या तोंडाने फवारायला मी शिकवलं. नुसतं यालाच नाही." आणि त्याने घाईघाईने, अडखळत, स्टँडचं सगळं सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. "अहो, पण पुठ्ठ्याचा रकाना नाही यात. मी कुठे लिहू हे?" त्यांनी पेनाला टोपण लावलं.

इतका वेळ खाली बसलेली मानीबाई उठली. सहा दिवसांत ती नीळकंठशी एक शब्द बोलली नव्हती. आताही ती त्याच्याशी बोलली नाही.

"मंग मागून लिवा सायेब," ती म्हणाली. "मागून कोरा हाय. ह्या मानसाचं नाव लिवा."

"कायले बाई?" शंकरसिंग पुटपुटला. "जाऊ दे न."

"लिवा," मानीबाई म्हणाली.

साहेबांनी दोघांकडे पाहिलं, टोपण काढलं आणि फॉर्म उलटा केला.

"नाव?"

"नीळकंठ त्र्यंबक मोहरील."

"सांगा."

"मास्क होता, साहेब," नीळकंठ म्हणाला. "तो मी काढून वेगळा ठेवला."